मधल्या रेषेवरचा वाद: बॅककोर्टचा निर्णय वारंवार का चुकतो आणि तो कसा सुधारावा

जिल्हा पातळीवरच्या किंवा आंतरशालेय बास्केटबॉल सामन्यात चेंडू मधल्या रेषेच्या मागे गेला की एका बाकावरून ‘बॅक, बॅक’ असा ओरडा सुरू होतो, दुसऱ्या बाकावरून ‘त्यांचा हात लागला’ असे उत्तर येते, आणि मध्ये उभ्या असलेल्या पंचाला अर्ध्या सेकंदात निर्णय द्यावा लागतो. शिट्टी वाजली तरी तक्रार येते आणि नाही वाजली तरी येते. फाउलच्या निर्णयात पंचाच्या अंदाजाला जागा असते हे खेळाडू आणि प्रशिक्षक कसेबसे मान्य करतात. बॅककोर्टचा निर्णय, म्हणजे पुढच्या अर्ध्यात (फ्रंटकोर्टमध्ये) ताबा असताना संघाने चेंडू स्वतःच्या बास्केटकडच्या मागच्या अर्ध्यात (बॅककोर्टमध्ये) परत नेला का हा, मात्र सर्वांना सोपा वाटतो, आणि म्हणूनच तो चुकला, किंवा चुकल्यासारखा वाटला, की राग अधिक येतो. पाहण्यात आलेल्या बहुतेक वादांचे मूळ नजरेत नसून समजुतीत असते. एकाच रेषेशी जोडलेले दोन वेगळे नियम डोक्यात एक झालेले असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय हा त्रास थांबत नाही.

येथे आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिबाचे नियम गृहीत धरले आहेत, कारण भारतातील स्पर्धा त्याच नियमांनी खेळवल्या जातात. हे आरंभीच सांगणे आवश्यक आहे, कारण मुले रात्री मोबाइलवर अमेरिकेतील एनबीएचे सामने पाहतात आणि सकाळी तेच नियम मैदानावर शोधतात. एनबीएमध्ये सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत फ्रंटकोर्टमधला थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून मैदानात टाकायचा चेंडू, मागे बॅककोर्टमध्ये टाकता येतो. फिबाच्या नियमांत अशी मुभा नाही. अमेरिकेतील शालेय सामन्यांत चेंडू पुढे नेण्यासाठी दहा सेकंद मिळतात, आपल्याकडे आठ. (फिबानेही 2000 सालापर्यंत दहा सेकंदच ठेवले होते, त्यामुळे जुन्या पिढीतील काही प्रशिक्षकांच्या तोंडी अजूनही दहाचा आकडा येतो.) इंटरनेटवर सापडणारी स्पष्टीकरणाची चित्रफीत कोणत्या नियमावलीवर आधारलेली आहे हे पाहिल्याशिवाय ती खेळाडूंना दाखवू नये.

आता मूळ घोळाकडे वळू. फिबाच्या नियमावलीतील कलम 28 आठ सेकंदांचे आहे आणि कलम 30 चेंडू बॅककोर्टमध्ये परत नेण्यास मनाई करणारे आहे. कलम 28 विचारते की चेंडू फ्रंटकोर्टमध्ये पोहोचला का. कलम 30 विचारते की संघाचा फ्रंटकोर्टमध्ये ताबा होता का. पोहोचणे आणि ताबा असणे, म्हणजे खेळाडूने चेंडू हातात धरणे किंवा ड्रिबल करीत (टप्पे देत) नेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅककोर्टमधून टाकलेला पास कोणाचाही हात न लागता पलीकडच्या अर्ध्यात टप्पा खातो, त्या क्षणी चेंडू फ्रंटकोर्टमध्ये पोहोचतो आणि आठ सेकंदांची मोजणी संपते; पण संघाचा तेथे ताबा मात्र अजून झालेला नसतो. तोच चेंडू विचित्र फिरकी घेऊन मागे आला आणि त्याच संघाच्या खेळाडूने तो बॅककोर्टमध्ये उचलला, तर नियमभंग होत नाही. तेथून आठ सेकंदांची नवी मोजणी सुरू होते, इतकेच.

याच जातीचा दुसरा प्रसंग सामन्यागणिक घडतो. मागून आलेला पास पुढे उभ्या असलेल्या खेळाडूच्या बोटांना लागतो, त्याला तो पकडता येत नाही, आणि चेंडू उलट उडून पास देणाऱ्याकडेच परत जातो. बाकावरून ‘बॅक’ असे ओरडले जाते आणि पुष्कळदा शिट्टीही वाजते. ती चुकीची असते. बोटांना स्पर्श झाला म्हणून आठ सेकंदांची मोजणी थांबली हे खरे, परंतु स्पर्श म्हणजे ताबा नव्हे. ज्या संघाचा फ्रंटकोर्टमध्ये ताबा झालाच नाही, तो संघ चेंडू नियमबाह्य रीतीने परत नेऊ शकत नाही. मधल्या रेषेवर उभ्या असलेल्या पंचाच्या अंगाला पास लागून चेंडू मागे आला, तरी हेच उत्तर लागू होते.

त्यामुळे शिट्टी तोंडाशी नेण्यापूर्वी पंचाने मनात तीन प्रश्न याच क्रमाने विचारण्याची सवय लावावी: या संघाचा फ्रंटकोर्टमध्ये ताबा होता का, फ्रंटकोर्टमध्ये चेंडूला शेवटचा स्पर्श याच संघाचा होता का, आणि त्यानंतरचा पहिला स्पर्श पुन्हा याच संघाचा, बॅककोर्टला टेकलेल्या खेळाडूकडून किंवा चेंडू बॅककोर्टमध्ये टप्पा खाऊन झाल्यावर, झाला का. तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तरच नियमभंग आहे. एक जरी ‘नाही’ आले तर खेळ चालू द्यावा. क्रम बदलला की गोंधळ होतो, कारण डोळ्याला तिसरी गोष्ट सर्वांत ठळक दिसते आणि पहिली गोष्ट आठवून ठरवावी लागते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना रेषा कोणाची हे पक्के असले पाहिजे. मधली रेषा 5 सेंटिमीटर रुंद असते आणि ती संपूर्णपणे बॅककोर्टचा भाग असते. फ्रंटकोर्ट तिच्या पलीकडच्या कडेपासून सुरू होतो. चेंडू घेऊन मागून येणाऱ्या खेळाडूच्या बुटाचे टोक रेषेवर असेल तर तो अजून मागेच आहे. उलट, पुढे दोन्ही पाय टेकवून चेंडू धरलेल्या खेळाडूची टाच रेषेला नुसती लागली तरी चेंडू मागे गेला. एकच रेषा, पण खेळाडू कोणत्या बाजूने आला यावर तिचा परिणाम ठरतो.

ड्रिबल करीत येणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही पाय आणि चेंडू या तिन्ही गोष्टी पूर्णपणे पुढच्या अर्ध्यात टेकाव्या लागतात. येथे जरा बारकाईने पाहू. उजव्या हाताने ड्रिबल करणारा खेळाडू रेषेजवळ येतो. समोरचा बचावपटू अंगावर येताना पाहून तो अंग वळवतो, त्याचा डावा पाय रेषेपलीकडे पडतो, मग उजवाही पडतो, पण चेंडू सुरक्षित ठेवण्यासाठी त्याने हात मागे ठेवलेला असल्याने टप्पा अजून अलीकडच्या अर्ध्यातच पडतो आहे. मग तो दोन पावले मागे येतो. प्रेक्षकांना दोन्ही पाय पलीकडे गेलेले दिसले, म्हणून ते ओरडतात. परंतु चेंडूचा एकही टप्पा पलीकडे पडलेला नाही, म्हणून तो खेळाडू सर्व वेळ बॅककोर्टमध्येच होता. शिट्टी वाजवायची नाही. त्याची आठ सेकंदांची मोजणी मात्र क्षणभरही थांबलेली नाही, आणि पंचाचा हात मोजणी करीतच राहिला पाहिजे. हात हलता राहिला तर बाकावरच्या प्रशिक्षकालाही पंचाने काय पाहिले हे शब्दांशिवाय कळते. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून पास पकडणाऱ्यालाही हेच लागू आहे: चेंडू मागूनच आलेला असेल तर तो खेळाडू बॅककोर्टमध्ये आहे आणि चेंडू निर्धास्तपणे मागे देऊ शकतो.

दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे शेवटच्या स्पर्शात, सर्वांत जास्त भांडणे होतात. फ्रंटकोर्टमध्ये ड्रिबल करणाऱ्याच्या हातातून बचावपटूने चेंडू मागे टोलवला आणि ड्रिबल करणाऱ्यानेच धावत जाऊन तो बॅककोर्टमध्ये उचलला, तर काहीही चूक नाही, कारण पुढच्या अर्ध्यातला शेवटचा स्पर्श बचावपटूचा होता. येथे टेबलवरच्या अधिकाऱ्यांनाही एक गोष्ट ठाऊक असावी लागते: प्रतिस्पर्ध्याने चेंडू नुसता टोलवला, त्याचा ताबा झाला नाही, म्हणून बास्केटवर चेंडू टाकण्यासाठी मिळणारा वेळ मोजणारे 24 सेकंदांचे घड्याळ पुन्हा लावायचे नाही, ते चालूच राहते, आठ सेकंदांची मोजणी मात्र नव्याने सुरू होते. घड्याळात पाचच सेकंद उरली असतील तर त्या पाच सेकंदांतच संघाला पुढे येऊन बास्केटवर चेंडू टाकावा लागेल.

‘त्यांचा हात लागला’ ही ओरड मात्र पुष्कळदा अर्धीच खरी असते. बचावपटूने पास अडवला, चेंडू आक्रमण करणाऱ्या खेळाडूच्या मांडीवर किंवा गुडघ्यावर आपटला आणि मग मागे गेला, तर शेवटचा स्पर्श आक्रमक संघाचाच ठरतो. आपल्या अंगाला चेंडू चुकून लागला, मुद्दाम नव्हे, हा युक्तिवाद येथे चालत नाही, कारण हेतू काय होता याचा नियमात विचारच नाही. अशा वेळी पंचाची नजर बचावपटूच्या हातावरच थांबलेली असते आणि नंतरचा स्पर्श सुटतो. त्यावर उपाय म्हणजे नजर हातावर न ठेवता चेंडूवर ठेवून, तो रेषा ओलांडीपर्यंत त्याचा पाठलाग करणे. दोन पंचांच्या सामन्यात मधली रेषा आणि आठ सेकंद ही मागे राहणाऱ्या पंचाची, म्हणजे ट्रेलची जबाबदारी असते. तो चेंडूच्या फार जवळ उभा राहिला तर खेळाडूची पाठच दिसते, आणि लांब राहून रेषेच्या दिशेने तिरपे पाहिले तर हात, गुडघा आणि रेषा तिन्ही एका नजरेत येतात.

तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की घाईची शिट्टी वाजते. माझ्या मते या नियमातील सर्वांत अन्यायकारक चूक तीच आहे. आक्रमक संघाचा पास चुकतो, चेंडू रेषा ओलांडून मागे लोळत जातो, आणि पंच लगेच शिट्टी वाजवतो. चेंडू रेषा ओलांडून गेला एवढ्याने नियमभंग होत नाही. त्याच संघाच्या खेळाडूने त्याला स्पर्श केल्यावरच तो पूर्ण होतो. बचाव करणाऱ्या संघाचा चपळ खेळाडू त्या चेंडूकडे धावत असतो आणि समोर मोकळे बास्केट असते. वेळेआधी वाजलेली शिट्टी त्याचे दोन गुण हिरावून घेते आणि त्याच्या हाती बाजूच्या रेषेवरचा एक थ्रो-इन ठेवते. शिवाय बचावपटूने मागे गेलेल्या चेंडूला आधी नुसते बोट लावले आणि मग आक्रमकाने तो उचलला, तरी नियमभंग राहत नाही. म्हणून थांबावे, हात लागेपर्यंत थांबावे. चेंडूचा वेग कितीही असला तरी तेवढा अवधी नेहमी मिळतो.

याच प्रश्नातील एक कमी माहीत असलेला भाग असा की पकडणारा खेळाडू पुढे उभा असूनही नियमभंग होऊ शकतो. दोघे सहकारी रेषेपलीकडे, फ्रंटकोर्टमध्ये आहेत; एकाचा पास दुसऱ्याकडे जाताना बॅककोर्टमध्ये टप्पा खातो, आणि कोणालाही न लागता पुढे येऊन दुसऱ्याच्या हातात पडतो. पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसत नाही. तरीही चेंडू बॅककोर्टला लागून आल्यानंतर त्याला पहिला स्पर्श त्याच संघाने केला, म्हणून तो नियमभंग आहे. ही शिट्टी वाजवल्यावर मैदान चकित होते, त्यामुळे ती ठामपणे आणि संकेत स्पष्ट दाखवून वाजवावी.

बास्केटच्या दिशेने चेंडू टाकला, म्हणजे शॉट घेतला की मात्र हे सगळे गणित संपते. चेंडू हातातून सुटताच संघाचा ताबा संपलेला असतो. रिंगला लागून लांब उडालेला चेंडू आक्रमक संघाने थेट बॅककोर्टमध्ये पकडला, किंवा गर्दीत उडी मारून एखाद्याने तो न पकडता नुसता मागे टोलवला आणि सहकाऱ्याने रेषेमागे उचलला, तर खेळ चालू राहतो. त्या गर्दीत कोणी दोन्ही हातांनी चेंडू पकडून पाय टेकले आणि मग मागे पास दिला, तर नवा ताबा झाला आणि नियमभंगही झाला.

हवेत उडी मारलेल्या खेळाडूचा प्रश्न वेगळा आणि खरोखर कठीण आहे. हवेतल्या खेळाडूचे स्थान त्याने जेथून उडी मारली तेच मानले जाते, म्हणून फ्रंटकोर्टवरून उडी मारून चेंडू पकडणारा आणि बॅककोर्टमध्ये उतरणारा खेळाडू सर्वसाधारणपणे दोषी ठरेल. या कठोरपणातून नियमाने एकच सूट दिली आहे: हवेत असतानाच त्याने आपल्या संघासाठी नवा ताबा मिळवला असेल तर तो मागे उतरू शकतो. प्रतिस्पर्ध्याचा पास हवेत हिसकावणारा, किंवा सामन्याच्या आरंभीच्या जंप बॉलमध्ये (पंचाने दोन खेळाडूंमध्ये वर उडवलेल्या चेंडूवर) टोलवलेला चेंडू हवेत पकडणारा, असे खेळाडू या सुटीत बसतात. ही सूट चेंडूसह उतरण्यापुरतीच आहे. हवेतून उतरण्याआधीच त्याने मागच्या सहकाऱ्याला पास दिला तर तो नियमभंग ठरतो. आणि स्वतःच्याच सहकाऱ्याचा पास हवेत पकडणाऱ्याला ती मिळत नाही, कारण ताबा त्याच्या संघाकडे आधीपासून होता.

नेमके येथेच थ्रो-इनची फसगत होते. फ्रंटकोर्टमधल्या बाजूच्या रेषेवरून थ्रो-इन घेताना संघाचा ताबा, चेंडू टाकणाऱ्याच्या हातात चेंडू आला तेव्हाच झालेला असतो. सहकारी पुढून उडी मारून तो पकडतो आणि रेषेवर उतरतो. त्याला वाटते की आपण पहिल्यांदाच चेंडू घेतला, म्हणून आपल्याला सूट आहे. ती नाही. चेंडू परत नेण्याचे कलम थ्रो-इनलाही लागू आहे, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे फ्रंटकोर्टमधून थेट मागच्या सहकाऱ्याला थ्रो-इन देणेही चालत नाही. अपवाद दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या आरंभीच्या थ्रो-इनचा: तो मधल्या रेषेच्या वाढवलेल्या भागावर, दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून घेतला जातो, आणि तेथून मैदानात कोठेही पास देता येतो. शालेय संघांचे प्रशिक्षक हा एक भेद मुलांना सरावात दाखवून देतील तर अनेक वाया जाणारे चेंडू वाचतील.

आठ सेकंदांच्या मोजणीबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण बहुतेक शाळांच्या मैदानांवर शॉट क्लॉक, म्हणजे 24 सेकंदांचे घड्याळ, नसते आणि मोजणी पंचाच्या हातावरच चालते. बॅककोर्टमधल्या थ्रो-इनवर मोजणी टाकणाऱ्याच्या हातापासून सुरू होत नाही. मैदानातील खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाल्यावर सुरू होते. आणि बॅककोर्टमध्ये बचावपटूने चेंडू बाजूच्या रेषेबाहेर घालवला तर आक्रमक संघाला नवे आठ सेकंद मिळत नाहीत, उरलेलेच मिळतात. बचावपटूने फाउल केला किंवा चेंडूला मुद्दाम लाथ मारली, तर मात्र मोजणी नव्याने होते. चेंडू बाहेर गेल्यावर किती सेकंद उरले आहेत हे पंचाने बोटांनी दाखवून मोठ्याने सांगितले तर पुढचा वाद तेथेच मिटतो.

मैदानाची स्थितीही पाहून घ्यावी. एकाच सिमेंटच्या पटांगणावर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन आणि बास्केटबॉलच्या रेषा एकमेकींवर काढलेल्या असतात, मधली रेषा खेळाडूंच्या बुटांनी पुसट झालेली असते, आणि पंच दुसऱ्याच खेळाच्या रेषेवर निर्णय देऊन बसतो. सामन्यापूर्वी अर्धा तास आधी पोहोचून, आयोजकांकडून मधली रेषा चुन्याने किंवा रंगीत चिकटपट्टीने ठळक करून घ्यावी आणि दोन्ही कर्णधारांना ती पायाने दाखवावी. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

शिट्टी वाजल्यावर आपण चुकलो असे लक्षात आले, तर चेंडू पुन्हा खेळात येण्यापूर्वी सहकारी पंचाशी बोलून निर्णय मागे घ्यावा. त्यात कमीपणा नाही. एकदा खेळ सुरू झाला की मार्ग बंद होतो, कारण नियमावलीतील दुरुस्त करता येण्याजोग्या चुकांच्या कलमात फ्री थ्रो आणि गुणांच्या चुका येतात, बॅककोर्टचा निर्णय त्यात बसत नाही. कर्णधार विचारायला आला तर लांब स्पष्टीकरण देऊ नये. ‘ताबा पुढे झाला होता, शेवटचा स्पर्श तुमचा, मागे पहिला स्पर्शही तुमचाच’ एवढे एक वाक्य पुरते. आणि शिट्टी वाजवली नसेल तर त्या तीनपैकी कोणती गोष्ट घडली नाही तेवढीच सांगावी. निर्णय बरोबर असेल तेव्हा कर्णधाराला त्यात वाद घालण्याजोगे काही सापडत नाही, आणि चुकीचा असेल तर हे वाक्य म्हणताना पंच स्वतःच अडखळतो, तेही वेळेवर.